कुत्र्या-मांजराच्या पट्ट्याला ब्लूटूथ टॅग: कुठे उपयोगी, कुठे अपुरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, घरात दीड वर्षाचा देशी कुत्रा आणि कधीच बाहेर न पडणारी एक मांजर. कुत्रा फटाक्यांना फार घाबरतो, मागच्या दिवाळीत सोसायटीच्या फाटकातून निसटला होता. जीपीएस ट्रॅकर सारखा चार्ज करावा लागतो आणि त्याची वर्गणीही भरावी लागते. त्याऐवजी दोघांच्या पट्ट्याला एकेक ब्लूटूथ टॅग अडकवला तर भागेल का?

मांजरीचं भागेल, आणि चांगलं भागेल. कुत्र्याचं मात्र एकट्या टॅगवर सोडू नका. हा फरक कुठून येतो ते कळलं की बाकीचं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

टॅगला स्वतःची जागा ठाऊक नसते. त्यात जीपीएस नाही, सिम नाही. २०२१ साली आलेला ॲपलचा एअरटॅग घ्या: ११ ग्रॅम वजनाची, ३२ मिलिमीटर व्यासाची चकती. मालकाच्या फोनपासून दूर गेली की ती साधारण दर दोन सेकंदांनी एक छोटा रेडिओ संदेश सोडत राहते. जवळून जाणाऱ्या एखाद्या आयफोनने तो पकडला तर तो फोन स्वतःची जागा सांकेतिक रूपात सर्व्हरवर पाठवतो आणि तीच तुमच्या नकाशावर उमटते. म्हणजे नकाशावर दिसतो तो कुत्र्याजवळून गेलेला फोन, आणि तोही काही वेळापूर्वीचा. त्या फोनच्या जीपीएसमधली चूक मोकळ्या मैदानात पाच-दहा मीटर असते, उंच इमारतींच्या गल्लीत याच्या कितीतरी पट होते. तिच्यात ब्लूटूथच्या पल्ल्याची भर पडते. शिवाय फोनने संदेश पकडला की लगेच पुढे पाठवला, असंही नसतं. बॅटरी वाचवण्यासाठी फोन अशा नोंदी साठवून नंतर पाठवतो, त्यामुळे काही मिनिटांचा उशीर नेहमीचाच, कधी त्याहून बराच जास्त.

हरवलेल्या किल्ल्या किंवा बॅग एका जागी पडून राहतात, म्हणून त्यांच्या बाबतीत या उशिराने काही बिघडत नाही. एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसं आणि पाळीव प्राणी यांच्यासाठी नाही, असं ॲपलने तो बाजारात आणतानाच सांगितलं होतं. पळणाऱ्या प्राण्याचा हिशोब करून पाहा. घाबरलेलं कुत्रं सहज ताशी १५ किलोमीटरने पळतं, म्हणजे सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त. कुणाच्या खिशातल्या फोनचा खरा पल्ला दहा मीटर धरला तर त्या फोनच्या टप्प्यात कुत्रं जेमतेम पाच सेकंद असतं. तेवढ्यात टॅगचे दोन-तीन संदेश सुटतात. खिशातला झोपलेला फोन सलग ऐकत नसतो, थोड्या थोड्या वेळाने कान देतो. त्या पाच सेकंदांत त्याने कान दिला नाही तर नोंदच होत नाही. झाली आणि पाच मिनिटांनी तुम्हाला दिसली, तरी तोवर कुत्रं कुठल्यातरी दिशेला सव्वा किलोमीटरपर्यंत गेलेलं असू शकतं, आणि ती दिशा नकाशावर नसते. गर्दीच्या रस्त्यावरही टॅग तुटकतुटक का दिसतो, याचं मुख्य कारण हे आहे.

पाकिटावर छापलेल्या अंतराकडे फार लक्ष देऊ नका. सॅमसंगच्या स्मार्टटॅग २ ला अडथळा नसताना १२० मीटरचा पल्ला सांगितलेला आहे. अडथळा नसताना हे शब्द तिथे महत्त्वाचे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. प्राण्याच्या शरीरात मुख्यतः पाणीच असतं. पट्टा फिरून टॅग गळ्याखाली येतो, कुत्रं पोटावर दबून बसतं, आणि एका बाजूने मान तर दुसऱ्या बाजूने जमीन त्याला झाकते. भिजलेले दाट केस असतील तर आणखी भर. त्यात सिमेंटची भिंत किंवा गाडीचा पत्रा आला की मोकळ्या जागी तीस-चाळीस मीटरवर पकडला जाणारा टॅग पाच-सात मीटरवरही मिळत नाही.

आता आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण. टॅग कुणाच्या जाळ्यावर चालतो, म्हणजे कुठल्या कंपनीचे फोन त्याची जागा कळवतात, हे खरेदीच्या वेळी बहुतेक जण बघत नाहीत. भारतात दहातले नऊहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइड आहेत. एअरटॅग, किंवा ॲपलच्या जाळ्यावर चालणारा दुसरा कुठलाही टॅग, अँड्रॉइड फोन नकाशावर पोचवत नाहीत. ते काम फक्त ॲपलची उपकरणं करतात. बाणेर, हिरानंदानी, पणजीचा बाजार अशा ठिकाणी आयफोन भरपूर आहेत. तालुक्याच्या गावात, शेताच्या बांधावर किंवा पहाटे चार वाजता सोसायटीच्या मागच्या गल्लीत त्यांच्यावर विसंबता येत नाही.

मग अँड्रॉइडच्या जाळ्यावरचा टॅग घ्यावा, असं वाटणं साहजिक आहे. फोन इतके जास्त म्हटल्यावर तोच चांगला असायला हवा. पण गूगलचं जाळं, जे २०२४ मध्ये सुरू झालं आणि २०२५ पासून फाइंड हब नावाने ओळखलं जातं, गोपनीयतेसाठी जास्त राखून चालतं. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक फोन फक्त वर्दळीच्या जागी भाग घेतो आणि एकाहून जास्त फोनांनी टॅग पकडला तरच जागा दाखवली जाते. रात्री एकट्या वॉचमनच्या फोनजवळून कुत्रं गेलं तर तेवढं पुरत नाही. ज्यांनी गूगल खात्यात घराचा पत्ता भरलेला आहे त्यांचे फोन घराजवळ असताना अशा नोंदी पाठवतच नाहीत. म्हणजे संध्याकाळी सगळी सोसायटी घरी असते तेव्हाच तिथले बरेच फोन मुके. यावर हाताशी असलेला एक उपाय म्हणजे शेजाऱ्यांना, वॉचमनला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोनच्या सेटिंगमध्ये हरवलेली उपकरणं शोधण्याचा पर्याय ‘सर्व ठिकाणी’ असा करायला सांगणं. तो गूगलच्या भागात असतो, बदलायला एक मिनिट लागतं, आणि अशा दहा-बारा फोनांनी तुमच्या गल्लीत खरोखर फरक पडतो. सॅमसंगचे टॅग आणखी वेगळे: ते गॅलेक्सी फोनवरच जोडता येतात आणि सॅमसंगचीच उपकरणं त्यांना शोधतात.

तेव्हा टॅग कुठला घ्यावा याचं उत्तर तुमच्या परिसरात मिळेल. ते काढायची रीत सोपी आहे. शक्य असेल तर ओळखीच्या कुणाचा टॅग मागून आणा. घरातल्या एखाद्याला तो खिशात घालून घराभोवती अर्धा-पाऊण तास चालायला सांगा, मात्र त्याच्याकडे त्या जाळ्यात नोंद पाठवणारा फोन नको. नाहीतर त्याचाच फोन जागा कळवेल आणि सगळं छान चाललंय असं वाटेल. तुम्ही घरी बसून ॲपमध्ये जागा कधी कधी बदलली ती वेळ लिहून घ्या. सकाळी सहाला, भर दुपारी आणि रात्री अकरानंतर अशी तीन वेळा चाचणी करा, कारण कुत्री-मांजरं बहुधा रस्ता शांत असतानाच लांब जातात. सरासरी काढू नका, दोन नोंदींमधलं सगळ्यात मोठं अंतर बघा. ते दहा मिनिटांहून जास्त असेल तर पळणाऱ्या प्राण्यासाठी तिथे टॅग कामाचा नाही, मग जाळं कुणाचंही असो. ताम्हिणी, वेल्हे किंवा कोकणातली वाडी, जिथे चाचणीत एकही नोंद होत नाही, तिथे टॅगला फक्त टॅगच्या टप्प्यात पोचलेला तुमचा स्वतःचा फोनच शोधू शकतो.

दोन उणिवा जाहिरातीत सापडत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट सांगतो. कुत्रं घराबाहेर पडलं की फोन वाजेल, अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. एअरटॅगची ‘मागे राहिलं’ ही सूचना तुम्ही वस्तू सोडून निघालात तर येते. तुम्ही घरी बसलात आणि वस्तूच चालत निघाली तर येत नाही. दार उघडं राहिलं हे तुमच्या लक्षात येईपर्यंत टॅग गप्पच असतो. दुसरी उणीव म्हणजे मागचा मार्ग मिळत नाही. ॲपलच्या ॲपमध्ये फक्त शेवटची जागा दिसते, नवी नोंद आली की जुनी गेली. शोध सुरू असताना एका माणसाला घरी बसवून प्रत्येक नव्या ठिपक्याचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढायला लावा. चार ठिपके ओळीने मिळाले की दिशा कळते, आणि दिशा कळली की माणसं पुढे कुठे उभी करायची ते ठरवता येतं.

नकाशाला मजलाही कळत नाही. बारा मजली इमारतीवरचा ठिपका गच्चीपासून पार्किंगपर्यंत कुठलाही असू शकतो. यामुळे आपण मांजरीकडे येतो.

घरातली मांजर चुकून बाहेर पडली तर ती बहुधा लांब जात नाही, लपते. हरवलेल्या मांजरांवरच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी तीन-चतुर्थांश मांजरं सुटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती. एका जागी दबून बसलेलं, हाकेला ओ न देणारं मांजर शोधायला ब्लूटूथ टॅग फार चांगला. इथे जाळ्याची गरजही कमी, तुमचा फोनच पुरतो. पण चालायची पद्धत बदलावी लागते. फोन हातात धरून भराभर फिरलात तर जोडणी व्हायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असता. दर दहा-बारा पावलांवर थांबा, अर्धा मिनिट उभे राहा, फोन हळूहळू चारी बाजूंना फिरवा. इमारतीत प्रत्येक मजल्याच्या लॉबीत हेच करा, आणि डक्टच्या खिडकीपाशी, मीटरच्या खोलीत, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीबाहेर, पार्किंगमधल्या गाड्यांच्या चाकांशी पुन्हा थांबा. आयफोन ११ पासूनच्या बहुतेक मॉडेलांवर एअरटॅगची दिशा आणि अंतर बाणाने दिसतं (एसई आणि १६ई यांत ती सोय नाही). हा बाण साधारण दहा मीटरच्या आत कामाला येतो आणि मांजर स्थिर असेल तरच धड चालतो. ती सरकत असेल तर तो भरकटतो, त्याच्यामागे धावू नका.

टॅगचा आवाज हे दुधारी साधन आहे. तो वाजवायला तुमचा फोन ब्लूटूथच्या टप्प्यात असावा लागतो, लांबून वाजवता येत नाही. आणि मांजरीच्या कानापासून चार बोटांवर अचानक किणकिण सुरू झाली की लपलेली मांजर उठून आणखी आत शिरते. म्हणून आधी सवय लावा. टॅग पट्ट्याला लावण्याआधी तो जेवणाच्या ताटलीशेजारी ठेवा, वाजवा, लगेच आवडीचा खाऊ द्या. दिवसातून चार-पाच वेळा, आठवडाभर. मग टॅग पट्ट्यावर, पण तोच क्रम: आवाज, मग खाऊ. आवाज आला की ती तुमच्याकडे धावत आली म्हणजे काम झालं. दर पंधरा दिवसांनी एकदा उजळणी करा. एवढं केलं तर हरवलेल्या मांजरीला तुम्ही टॅगने बोलावू शकता, आणि त्याच्या किमतीचं सगळ्यात जास्त मोल इथेच मिळतं. घट्ट सिलिकॉनच्या खोळीत आवाज दबतो, कारण एअरटॅगचं पांढरं प्लास्टिकचं आवरणच पडद्यासारखं कंप पावून आवाज काढतं. पांढरी बाजू उघडी राहील अशी खोळ घ्या.

पाळतीविरुद्धची सुरक्षाही इथे आडवी येते. कुणाच्या नकळत त्याच्या सामानात टॅग टाकून पाळत ठेवता येऊ नये म्हणून अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर आयफोन, आणि २०२३ पासून अँड्रॉइड फोनही, त्या माणसाला सूचना देतात, टॅग कसा बंद करायचा तेही दाखवतात. ही सोय गरजेचीच आहे. पण तिचा अर्थ असा की कुणी तुमचं कुत्रं चोरलं तर चोराला टॅगचा पत्ता लागेल आणि पहिली गोष्ट तो बॅटरी काढण्याची करेल. चोरीवरचा उपाय म्हणून टॅग घेऊ नका. दुसरा परिणाम रोजचा आहे: मालकापासून ८ ते २४ तास दूर राहिलेला एअरटॅग हलला की आपोआप वाजतो. कुत्रं आठ दिवस बोर्डिंगमध्ये असेल तर टॅग रोज त्याच्या कानाशी वाजेल. आयओएस १७ पासून एक टॅग आणखी पाच जणांशी वाटून घेता येतो. घरातल्या सगळ्या आयफोनवाल्यांना आणि सांभाळणाऱ्याला त्यात घ्या, किंवा तेवढे दिवस टॅग काढून ठेवा. हरवलेल्या टॅगच्या जागेची तात्पुरती लिंक इतरांना पाठवता येते, ही आयओएस १८.२ मधली सोयही शोधपथकाला उपयोगी आहे.

बॅटरीबद्दल गंभीरपणे सांगायचं आहे. बहुतेक टॅगमध्ये सीआर२०३२ ही ३ व्होल्टची, २० मिलिमीटरची लिथियम चकती असते. कुत्रं स्वतःचा पट्टा चावत नाही, पण घरातलं दुसरं कुत्रं खेळताना नेमका तोच पकडतं, आणि काढून ठेवलेला पट्टा कोणीही चघळतं. ती चकती अन्ननलिकेत अडकली की ओलसर त्वचेतून विद्युतप्रवाह वाहतो, ऋण बाजूला दाहक अल्क तयार होतं आणि दोन तासांच्या आत आतली त्वचा खोल भाजू शकते. टॅग तुटलेला दिसला आणि चकती सापडली नाही तर ती गिळलीच आहे असं समजा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, उलटीत ती पुन्हा अन्ननलिकेत येते. एक्स-रे असलेल्या पशुवैद्यांकडे लगेच न्या. तोंडात घालू नये म्हणून कडू लेप दिलेल्या बॅटऱ्या मिळतात, पण एअरटॅगमध्ये त्या लेपामुळे जोडणी होत नाही असं होऊ शकतं, हे ॲपलनेच सांगितलेलं आहे.

म्हणून कडीला लोंबणारी खोळ घेऊ नका. ती झुलते, खिडकीच्या ग्रिलमध्ये, झुडपात अडकते, जबड्यात सहज येते. पट्टा ज्यातून ओवला जातो अशी सपाट, कडक, शक्यतो स्क्रूने बंद होणारी खोळ घ्या. मांजरीचा पट्टा ओढ बसताच उघडणाऱ्या बकलचाच हवा. फांदीला अडकून गळा आवळण्यापेक्षा टॅग हरवलेला बरा. टॅग, खोळ, पट्टा मिळून वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा: साडेतीन किलोच्या मांजरीला ७० ग्रॅम, एक किलोच्या पिल्लाला फक्त २०, म्हणजे पिल्लाला अजून थांबा. पट्ट्याखाली कुत्र्याला दोन बोटं, मांजरीला एक बोट जावं.

पावसाचं म्हणाल तर टॅगचं आयपी६७ हे पाण्यापासून बचावाचं मानांकन म्हणजे एक मीटर गोड्या, स्थिर पाण्यात अर्धा तास. रोज ओलं, चिखल, समुद्राचं पाणी यांची हमी त्यात नाही. जुलैत खोळीखाली पाणी साचून त्वचेला लाल चट्टे उठतात. फिरून आल्यावर पट्टा काढून मान कोरडी करा. बॅटरी वर्षाच्या आसपास जाते. इशाऱ्याची वाट न बघता दरवर्षी दिवाळीच्या आधी बदला.

तुमच्या कुत्र्यासाठी जीपीएस हवाच. घेताना पहिली गोष्ट विचारायची ती सिमची. स्वस्त ट्रॅकर बरेचदा फक्त २जीवर चालतात. जिओकडे २जी नाही, त्यामुळे तिथे एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम लागतं. शक्यतो ४जीचा घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेला ट्रॅकर तिथल्या कंपनीच्या वर्गणीला आणि तिथल्या मोबाइल जाळ्याला बांधलेला असतो, इथे चालतो का हे आधी पक्कं करून मगच मागवा. घराभोवतीचं आभासी कुंपण (ॲपमध्ये आखलेली, ओलांडली की सूचना देणारी हद्द) शंभर मीटरच्या खाली लावू नका. इमारतींमध्ये जीपीएसची जागा स्वतःच भटकते, रोज खोट्या सूचना येतात, आणि आठवड्याभरात तुम्ही त्या बघणं सोडून देता. मोबाइलची रेंज नसेल तर जीपीएस ट्रॅकरही काही कळवू शकत नाही. आणि कुत्रं तळघरात, पार्किंगच्या कोपऱ्यात शिरलं की जीपीएस थांबतो. शेवटच्या वीस मीटरसाठी तिथे टॅगच लागतो, म्हणून त्याच्या पट्ट्याला दोन्ही असू द्या. वर्गणी वर्षभर परवडत नसेल तर काही ट्रॅकर महिन्याच्या वर्गणीवर चालतात. गणपतीच्या ढोल-ताशांपासून दिवाळी संपेपर्यंतचे महिने तरी घ्या.

मायक्रोचिपही दोघांना बसवून घ्या, पण ती काय करते ते लक्षात असू द्या. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, बॅटरी नसलेली, १३४.२ किलोहर्ट्झवर पंधरा आकडी क्रमांक सांगणारी ती चिप वाचायला स्कॅनर काही सेंटिमीटरवर आणावा लागतो. ती जागा सांगत नाही, हे जनावर तुमचं आहे हे सिद्ध करते. ज्या नोंदवहीत तो क्रमांक आहे तिथे तुमचा चालू मोबाइल नंबर आहे ना, हे वर्षातून एकदा तपासा.

या सगळ्याच्या आधी, आजच करायचं काम पन्नास-शंभर रुपयांचं आहे. दोन मोबाइल नंबर पट्ट्यावरच भरतकामाने किंवा पितळी पट्टीवर कोरून घ्या. टॅगला फोन टेकवून मालकाचा नंबर वाचता येतो खरा, पण त्यासाठी फोनमध्ये एनएफसी (टेकवून माहिती वाचण्याची सोय) लागतं आणि आपल्याकडच्या अनेक स्वस्त फोनांत ते नसतं. शिवाय चकतीला फोन टेकवायचा असतो हे रस्त्यावरच्या माणसाला सुचतही नाही. नंबर मोठ्या आकड्यांत, पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला, जवळ न जाता टॉर्चच्या उजेडात वाचता येईल असा हवा, कारण घाबरलेलं कुत्रं अनोळखी माणसाला गळ्यापर्यंत हात नेऊ देत नाही.